मुलाखत क्रमांक चौदा

वाक्य साधं होतं. पान दोनशे बारा, वरून तिसरी ओळ: ‘पाणी सोडण्यापूर्वी नियमानुसार भोंगा वाजवण्यात आला होता.’ त्यापुढे एक छोटा आकडा, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, ‘पाहा: मुलाखत क्रमांक चौदा.’ त्याने ते एकदा वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. कानांमागे काहीतरी तापायला लागलं. मुलाखत क्रमांक चौदा त्याने स्वतः घेतली होती. त्या घरात, त्या लोखंडी खाटेशेजारी, टेपरेकॉर्डर मांडीवर धरून तो स्वतः बसला होता, आणि त्या मुलाखतीत असं काहीही कुणीही म्हटलं नव्हतं. टेबलाच्या पलीकडे प्रसिद्धी अधिकारी पेन्सिलीला टोक काढत होता. शेजारी नाणेबाई आपल्या प्रतीच्या समासात बारीक बारीक खुणा करत होत्या. त्यांचा सगळा जन्म जुनी नाणी वाचण्यात गेला होता, म्हणून खात्यात त्यांना हे नाव पडलं होतं आणि त्यांना ते आवडतही असे. समितीचे अध्यक्ष हनुवटी छातीवर टेकवून शांत झोपले होते. पाणी खात्याला पंचाहत्तर वर्षं झाली, त्याचा इतिहास खात्याचीच माणसं लिहिणार, आणि तो कसा लिहावा हे सांगायला बाहेरचे तीन इतिहासकार बोलावलेले. दोन वर्षं तो, नाणेबाई आणि अध्यक्ष असे तिघं महिन्यातून एकदा या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसत होते, झाकणं घातलेल्या पाण्याच्या पेल्यांसमोर. दोन वर्षं त्याला वाटत होतं की आपण काहीतरी चांगलं करतो आहोत. एखाद्या सरकारी खात्याने स्वतःहून म्हणावं, आम्हाला आमचं खरं लिहायला शिकवा, हे त्याला इतकं अपूर्व वाटलं होतं की पहिल्या बैठकीहून परतताना त्याने बायकोसाठी फुलं नेली होती. “कुणी वारलं का?” असं तिने विचारलं होतं.

“ही टीप कुणी घातली?” त्याने विचारलं.

“कुठली, सर?” अधिकाऱ्याने मान वाकडी करून पाहिलं. “हां, ही. आमच्या लेखन विभागाने. मुलाखतीवरूनच आहे, सर. तुमच्याच.”

“माझ्या मुलाखतीत भोंगा वाजला असं कुणी म्हटलं?”

अधिकारी हसला. त्याचं हसणं नेहमीच नम्र असे, त्यात ओशाळलेपणाही नीट मापून घातलेला असे. उठून त्याने कपाटातून फाईल काढली, चौदावा खण, पाच पानं टाचलेली, आणि बोट ठेवून दाखवलं. ‘प्रश्न: पाणी सोडलं तेव्हा भोंगा वाजला होता का? उत्तर: दरवाजे नियमाप्रमाणे उघडले.’ “आता सर, नियमात भोंगा येतोच की. तो वेगळा कशाला म्हणायला हवा?”

कागदावर प्रश्न होता आणि प्रश्नाला लागून उत्तर होतं, मध्ये सुईलासुद्धा जागा नव्हती. आणि त्याला तर ती मधली जागा आठवत होती. त्या म्हाताऱ्याला अख्खं खातं तात्या म्हणे. बत्तीस वर्षं धरणाचे दरवाजे उघडायचं आणि मिटायचं काम त्याने केलं होतं. भोंग्याचं विचारल्यावर तात्या गप्प झाला होता. किती वेळ, ते त्याने नंतर घरी टेप ऐकताना घड्याळ लावून मोजलं होतं: एक मिनिट चाळीस सेकंद. पट्टी फिरत होती, बाहेर कुठेतरी कोंबडी ओरडत होती, तात्याचा घसा दोनदा हलला होता, आणि मग छताकडे बघत तो म्हणाला होता, ‘दरवाजे नियमाप्रमाणे उघडले.’ बावीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी अडीच वाजता धरणाचे पाच दरवाजे उघडले. खाली नदीच्या कोरड्या पात्रात वाळू चाळणारी माणसं होती, त्यांतली अकरा गेली. त्यात सात बायका. खात्याचं म्हणणं तेव्हापासून एकच: भोंगा वाजला होता, लोकांनी लक्ष दिलं नाही. म्हणजे मरणाऱ्यांचाच निष्काळजीपणा. त्याला विचारलं तर त्या अख्ख्या पुस्तकात प्रश्न हा एकच होता. बाकी सगळं सिमेंट, कालवे आणि सत्कार.

“इथे तो थांबला होता,” तो म्हणाला. “दीड मिनिटाच्या वर थांबला होता. ते कुठे गेलं?”

“सर,” अधिकारी अगदी मऊ आवाजात म्हणाला, “कलम सात.”

नाणेबाईंची पेन्सिल थांबली. कलम सात त्याला पाठ होतं, कारण ते त्याने लिहिलं होतं. समितीने खात्याला बावीस कलमांची मार्गदर्शिका करून दिली होती आणि तिच्यातली एकोणीस कलमं त्याच्या हातची होती. ‘मुलाखत लेखी रूपात आणताना बोलणाऱ्याचे अडखळणे, खाकरणे, पुनरुक्ती व दीर्घ विराम गाळावेत. त्यायोगे बोलणाऱ्याची प्रतिष्ठा राखली जाते.’ त्यायोगे! हा शब्द लिहिताना त्याला किती बरं वाटलं होतं. कोणत्या तोंडाने आता रागवायचं? पण राग तोंड बघून थोडाच येतो. तो येत होता, पोटातून वर, भांड्यात दूध चढावं तसा, आणि खाली विस्तव कुणी घातला हे ठाऊक असल्यामुळे जास्तच भराभर.

कारण ते कलम त्याने वडिलांसाठी लिहिलं होतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. वडील गोदामात वजनं नोंदवणारे कारकून. बोलताना अडखळायचे, पहिलं अक्षर त्यांच्या जिभेला धरून बसायचं, सोडायचं नाही. देवापुढे उभे राहून गायला लागले की मात्र शब्द असे सुटायचे, जसं काही ते अडखळणं चपलांबरोबर बाहेरच काढून ठेवलंय. त्यांच्या मांडीवर बसून त्याने गात गात कथा सांगणारे कितीतरी ऐकले होते. त्यांतला एखादा चांगला सांगणारा ऐन कथेत, बाळ हरवलं आहे आणि आई दारात उभी आहे अशा जागी, एकदम थांबायचा. मागे सूर चालू राहायचा. शे-दोनशे माणसांचा श्वास अडकायचा, आणि वडिलांचा हात त्याच्या छातीवर घट्ट व्हायचा. थांबण्यातही काही सांगितलं जातं हे तो तिथे शिकला. मग गोदामाला आग लागली, चौकशी झाली, वडिलांची जबानी घेतली गेली आणि टंकलेखकाने ती जशीच्या तशी उतरवली. ‘म म म मी दा दा दार’, असं सबंध पान. कुणीतरी त्याच्या प्रती काढल्या. जेवणाच्या सुट्टीत गोदामात त्या मोठ्याने वाचल्या जात, एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ठेका धरायचा. वडील डबा घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसत. त्याने ते पाहिलं होतं, दहा वर्षांचा असताना, छत्री द्यायला गेला तेव्हा. वडिलांनी छत्री घेतली आणि म्हटलं होतं, “ज ज जा तू.” पुढे आयुष्यभर ज्याने ज्याने त्याला मुलाखत दिली त्याचं बोलणं त्याने धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलं. माया होती ती. आणि आता त्या मायेपायी अकरा माणसं पुन्हा एकदा वाहून गेली होती, या वेळी त्याच्या सहीशिक्क्यानिशी.

“मूळ टेप काढा,” तो म्हणाला. “आत्ता ऐकू.”

“टेप पुढच्या मुलाखतीला वापरली, सर. कलम अकरा. लेखी प्रत हाच अस्सल दस्तऐवज, टेप पुन्हा वापराव्यात.”

“सही झाल्यावर! सही झाल्यावर वापराव्यात असं आहे ते. म्हाताऱ्याची यावर सही कुठे आहे?”

“तेवढी राहिलीये,” अधिकारी म्हणाला. “माणूस पाठवणारच होतो.”

त्याने पेल्यावरचं झाकण उचललं आणि टेबलावर आपटलं. अध्यक्ष जागे झाले. “मंजूर, मंजूर,” म्हणाले. नाणेबाईंना हसू आवरेना, मग त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “आता आरडाओरडा करून काय होणार?” त्या म्हणाल्या. “कलम सात लिहिलंत त्या दिवशी मी म्हटलं होतं, नाण्यावरचा मळ घासू नका, मळातच त्याचं वय असतं. तेव्हा तुम्ही मला म्हणालात, बाई, माणसं म्हणजे नाणी नव्हेत.”

“बाई, कृपा करा.”

“मी कसली कृपा करणार? मीही सहीच केलीय त्या मार्गदर्शिकेवर. जा, त्या म्हाताऱ्याला भेटा. त्याने सही नाकारली तर मुलाखत बाद होईल आणि टीपही उडेल. मग आपण इथे भांडू. मी असेन.”

त्याने ती पाच पानं आणि त्यांच्यावर लावलेला नोंदीचा नमुना उचलला. “मी आणतो सही,” तो अधिकाऱ्याला म्हणाला. अधिकाऱ्याने ‘कशाला त्रास, सर’ म्हणेपर्यंत तो जिन्यात होता. बसमध्ये जागा मिळाली, पण बसवेना. दांडी धरून उभा राहिला. शहर संपत गेलं. दुकानांच्या पाट्या, गॅरेज, मग लांबच लांब कुंपणं. कुणाकुणाचा राग येत होता म्हणून सांगायचं? त्या मऊ आवाजाचा. ‘सर’ म्हणण्याचा. दर बैठकीला न चुकता विचारून घेतलेल्या चहाचा. आपल्याला वाटलं हे आपल्याला मान देतायत; ते आपल्याकडून हत्यारं घडवून घेत होते, आणि आपण ऐरणीपाशी बसून, घाम पुसत, धार नीट आली ना म्हणून विचारत होतो. आणि सगळ्यात वर, तळणीतल्या तेलासारखा चटचटणारा राग स्वतःचा. कारण आणखी एक गोष्ट होती, आणि ती तो आत्ता बसच्या दांडीला धरून स्वतःशी कबूल करत होता. त्या एक मिनिट चाळीस सेकंदांवर त्याने भाषण दिलं होतं. मागच्या हिवाळ्यात, भरल्या सभागृहात. ‘कामगाराचं मौन’ असं काहीतरी. तात्याच्या गप्प राहण्यात किती दुःख होतं, किती अपराधाचं ओझं होतं, शब्दांच्या पलीकडलं काय काय होतं, हे त्याने आवाज खाली आणून सांगितलं होतं आणि एकदा मुद्दाम मध्येच थांबलाही होता. लोकांनी डोळे पुसले होते. एवढा जर तो विराम मोलाचा होता, तर कलम सात लिहिणारा हात तेव्हा कुठे गेला होता? घरी टेप मोजली, कार्यालयात टेप परत दिली, आणि कलम तसंच राहू दिलं. दोन्ही डोक्यात एकाच वेळी सुखाने नांदत होतं. भाषणाला विराम, दस्तऐवजाला स्वच्छता.

तात्याचं घर खात्याच्या जुन्या वसाहतीत, धरणाच्या भिंतीखाली होतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, भिंतीवर ओल चढून तिचे नकाशे झालेले. सुनेने दार उघडलं. “या सर, बाबा जागेच आहेत,” म्हणाली आणि ओले हात पदराला पुसत आत वळली. तात्या खाटेवर बसला होता. गेल्या खेपेपेक्षा लहान झाल्यासारखा दिसत होता, हात मात्र तेवढेच मोठे, चाकं फिरवून फिरवून बोटं आकड्यासारखी वळलेली. “पुस्तक झालं का आमचं?” त्याने विचारलं.

“व्हायचंय. हे आधी वाचा. हे तुमचं बोलणं आहे. पटलं नाही तर सही करू नका.” शेवटचं वाक्य तो जरा जास्तच जोराने बोलला.

तात्याने पानं खिडकीकडे धरली आणि ओठ हलवत वाचायला लागला. तो तात्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आता भडकेल, आता पान फेकेल. तिसऱ्या पानावर भोंगा होता. तात्याने तिसरं पान वाचलं, चौथं वाचलं, पाचवं वाचलं, आणि मान वर केली तेव्हा चेहरा उजळलेला.

“अहो, मी एवढं सरळ बोललो?” तो म्हणाला. “सूनबाई, हे बघ. जसा काही इंजिनिअरच बोलतोय.”

“दाखवा,” म्हणत ती आली, उभ्याने दोन ओळी वाचून म्हणाली, “घरात तर एक वाक्य धड पुरं करत नाही तुम्ही.”

“द्या पेन,” तात्या म्हणाला.

“तात्या, थांबा!” तो जवळजवळ ओरडलाच. “पान तीन बघा. भोंग्याचं. तुम्ही तिथे गप्प बसला होतात. केवढा वेळ गप्प बसला होतात! ते यांनी काढून टाकलं. मी काढून टाकलं. आणि आता त्यावरून पुस्तकात लिहिलंय की भोंगा वाजला, तात्यांनीच सांगितलं म्हणून. तुमच्या नावावर लिहिलंय ते.”

सून दाराला टेकली. तात्याने पानं मांडीवर ठेवली आणि त्यांच्या कडा जुळवत राहिला.

“असं लिहिलंय होय,” तात्या म्हणाला.

“मला ठाऊक आहे तुम्ही का थांबला होतात,” तो घाईने म्हणाला. “ती माणसं तुमच्या डोळ्यांपुढे आली असतील. त्या क्षणी जे दुःख...”

“कसलं दुःख?” तात्याने त्याच्याकडे पाहिलं, चिडून नव्हे, पण एखाद्या शिकलेल्या माणसाने रस्ता चुकावा तसं. “दुःख रोज असतं. त्याला तुम्ही यायला नको. त्या दिवशी मी साहेबांकडे बघत होतो.”

“कुठले साहेब?”

“तुमच्याबरोबर आलेले. प्रसिद्धीवाले. तुम्ही विचारलंत भोंगा वाजला का, आणि त्यांनी वर बघितलं. माझा मुलगा त्यांच्या खात्यात रोजंदारीवर आहे, नऊ वर्षं. कायम करायची यादी निघणार होती. मी विचार करत होतो, काय बोललं म्हणजे खोटंही होणार नाही आणि पोराचंही जाणार नाही. तेवढं सुचायला वेळ लागला. तुम्हाला ते दुःख वाटलं का?”

त्याला भरलेलं सभागृह आठवलं, पुसलेले डोळे आठवले, आणि चेहऱ्यावर रक्त असं चढलं की त्याने मान खाली घातली. साहेब. प्रसिद्धी अधिकारी मुलाखतीला हजर असावा हे कलम चार. तांत्रिक शब्द समजावे म्हणून. तेही त्याचंच. त्या दिवशी तो अधिकारी खोलीत होता हे त्याला माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. भिंतीवरच्या खिळ्याकडे आपण बघतो तसं त्याने त्याच्याकडे पाहिलं होतं. त्याचं सगळं लक्ष तात्याच्या घशाच्या हालचालीकडे होतं, त्या सुंदर, करुण हालचालीकडे. इतका वेळ जे तडतडत होतं ते आता एकदम गार आणि जड झालं, पण तो रागच होता. आता मात्र त्याला पकडायला मूठ होती.

“भोंगा वाजला नव्हता ना?” त्याने हळूच विचारलं.

“खालच्या वस्तीत पोरासोरांना विचारा,” तात्या म्हणाला.

“मग तसं लिहू? मी आत्ता लिहितो, तुम्ही सही करा.”

“त्या दिवशी मी ते बोललो नाही. जे बोललो नाही ते त्या दिवसाच्या कागदात कसं घालता? मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?” तात्याने एका वाकड्या बोटाने नमुन्यावर टकटक केलं. “तुम्ही असं करा. मी थांबलो ते घाला. आणि साहेब बसले होते ते घाला. बस. वाचणाऱ्याला अक्कल असते.”

नमुन्यावर मुलाखत देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तारीख, ठिकाण, टेप क्रमांक, एवढे रकाने होते. खोलीत आणखी कोण होतं याला रकानाच नव्हता. नमुना कुणी आखला होता हे सांगायची आता गरज नाही. त्याने पेन उघडलं, पट्टी नव्हती म्हणून पाकिटाच्या कडेने एक रेघ मारली, आणि रेघेवर लिहिलं: ‘मुलाखतीच्या वेळी खात्याचे प्रसिद्धी अधिकारी बोलणाऱ्यासमोर बसले होते.’ मग तिसऱ्या पानावर प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या नसलेल्या जागेत बाण काढून बारीक अक्षरात, ‘येथे एक मिनिट चाळीस सेकंद थांबले.’ आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादा विराम पुसायच्या ऐवजी लिहिला. अक्षर वाकडं आलं. कागद तात्यापुढे धरला, पेन त्याच्या हातात दिलं.

“सर,” सून म्हणाली. “याने यांच्या नोकरीचं काही होणार नाही ना? यादी पुढच्या महिन्यात आहे म्हणतात.”

उत्तर त्याच्या ओठांवर तयार होतं. दोन वर्षं हेच उत्तर तो घरोघर देत आला होता: काही काळजी करू नका, तुम्ही बोलाल तसंच राहील. याच खोलीत दिलं होतं, याच बाईला, चहाचा कप परत देताना. त्याने तोंड उघडलं आणि त्याला त्या वाक्याची किळस आली.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “होऊही शकेल.”

तिने मान हलवली. खाटेजवळ आली, सासऱ्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं. “मग ते येऊ देत,” म्हणाली. “साडेपाचला येतात. आपण तिघांनी ठरवायचं हे नव्हे.” तात्याने तिच्याकडे रागाने पाहिलं.

तर ते तिघं बसले. त्याने घड्याळ पाहिलं नाही. पडवीवर ऊन सरकत गेलं. सुनेने लसूण सोलायला घेतला, तात्या उशीला टेकून डोळे मिटून राहिला, आणि तो खाटेच्या पायाशी, कागद मांडीवर घेऊन, एखाद्या दवाखान्यात बसावं तसा बसून होता. मनात भांडणं चालू होती. उद्या तिसऱ्या मजल्यावर काय काय बोलायचं त्याची वाक्यं जुळत होती, चांगली धारदार वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक रोजंदारीवरचा माणूस उभा होता ज्याचा चेहराही त्याला नीट आठवत नव्हता. नुसताच राग करायचा तर तो स्वस्त होता. त्याचे पैसे नेहमी दुसराच कुणी भरायचा.

मुलगा आला. चाळिशीच्या आसपासचा, खात्याचा खाकी शर्ट, काखेत घामाचे पांढरे वेढे. चपला काढतानाच त्याने खोलीतला रंग ओळखला. बायकोने थोडक्यात सांगितलं. तो हात धुऊन आला, पुसून आला, आणि कागद घेऊन पडवीच्या उजेडात उभ्याने वाचू लागला. पहिलं पान. मग तिसरं. मग परत पहिलं.

“हे चुकलंय,” तो म्हणाला.

सुनेने सुटकेचा श्वास सोडला. तात्याने डोळे उघडले. “काय चुकलंय?” त्याने विचारलं, आणि आवाजात त्याची सारी बत्तीस वर्षं खरखरली.

“साहेब बाबांच्या समोर नव्हते बसले.” मुलगा त्याच्याकडे वळला. “तुम्ही इथे खाटेपाशी होतात, तुमची पाठ होती. साहेब दारात बसले होते, उंबऱ्याला लागून. मी पाणी घेऊन बाहेर निघालो तर मला वाट देईनात. आधी ते उभेच होते. खुर्ची मी आणून दिली. शेजाऱ्यांकडून. वर पुसूनही दिली.”

“बरं, मग ‘दारात’ असं करतो,” तो म्हणाला आणि पेन शोधू लागला. पेन सुनेच्या हातात होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने हात पुढे केला, तशी क्षणभर तिने ते घट्ट धरून ठेवलं, आणि मग दिलं. मुलाने पेन त्याच्याकडे दिलं.

“दारात, असं करा,” मुलगा म्हणाला. “आणि खुर्चीचंही लिहा.”

त्याने लिहिलं: ‘खुर्ची मुलाने आणून दिली.’

मुलाने वाकून वाचलं आणि मान हलवली. “मुलाने, असं मोघम नको,” तो म्हणाला. “माझं नाव घाला.”